वरचा गेला, खालचा जाणार

‘पायाखालची जमीन सरकणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करून मी शाळेत एक मार्क मिळवला होता. अर्थ मात्र कळला तो गेल्या पावसाळ्यात, कुकटपल्लीच्या वाय जंक्शनला, संध्याकाळी पावणेसात वाजता. सरकली ती जमीन नव्हे, क्लचचं पेडल. चिखलात काठी रुतावी तसं ते माझ्या डाव्या पायाखाली मुकाट खाली गेलं आणि तिथंच बसून राहिलं. बुटाच्या टोकानं उचकटून वर काढलं, पुन्हा दाबलं, पुन्हा जाऊन झोपलं. सिग्नल हिरवा झालेला, पहिला गिअर पडत नाही, आणि पाठीमागे पाण्याचा टँकर.

कुकटपल्लीत पाण्याचा टँकर ही काय चीज आहे, ते इथं एक उन्हाळा काढल्याशिवाय कळत नाही. मंत्र्याच्या गाडीला लोक नाइलाजानं वाट देतात, टँकरला मनापासून देतात. न जाणो, आपल्याच बिल्डिंगमध्ये चालला असेल. या टँकरवाल्यानं हॉर्नवर ठेवलेला हात काढलाच नाही. तेवढ्यात एका स्कूटरवाल्यानं माझ्या काचेवर टकटक केली, आधी माझ्या पायाकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे, आणि निदान सांगितलं, “क्लच पोयिंदि सार.”

सोलापूरच्या माणसाला एवढं तेलुगू येतं. आमच्या पूर्व भागात ते ऐकतच पोरं मोठी होतात. पोयिंदि म्हणजे गेलं. वीज गेली, नोकरी गेली, मॅच हातची गेली, सगळ्याला हा एक शब्द पुरतो आणि तो उच्चारताना कुणाचाही आवाज चढत नाही. मला त्या क्षणी त्या भाषेचा हेवा वाटला.

क्लच गेलेली गाडी घरी नेता येते. वडिलांच्या काळातल्या ड्रायव्हरांकडून ऐकलेली युक्ती अशी : इंजिन बंद करायचं, बंद गाडीत पहिला गिअर टाकायचा आणि तसाच स्टार्टर मारायचा. गाडी बेडकासारखी दोन उड्या घेते आणि चालू लागते. डिझेल इंजिनाचा एक मोठा गुण म्हणजे अॅक्सिलरेटरला हात जोडले तरी ते नुसत्या दमावर गाडी ओढत राहतं. पुढं दुसरा गिअर कानानं टाकायचा. इंजिनाचा आवाज उतरत एका विशिष्ट सुरावर आला की दांडा आपण होऊन आत जातो. सूर चुकला की गिअरबॉक्स असा दातओठ खातो की रस्त्यावरचे लोक वळून बघतात. मला सूर सापडला नाही, म्हणून सबंध प्रवास पहिल्यातच केला. लाल सिग्नल दिसला की इंजिन बंद. हिरवा झाला की बेडूक. घरापर्यंतच्या अडीच किलोमीटरला पन्नास मिनिटं लागली. डोक्यावरून तेवढ्या वेळात मेट्रोच्या किती गाड्या गेल्या ते मोजण्याचं काम शेजारी बसलेल्या सौ.नं केलं, आणि आकडा मला तीनदा सांगितला.

गाडीविषयी थोडं सांगायला हवं. २००४ची, सात माणसांची, डिझेल. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तिचा काही दोष नाही आणि एकवीस वर्षांनी तिला या भानगडीत ओढणं बरं दिसत नाही. सोलापूरला घेतली तेव्हा एम.एच. १३ होती. मी नोकरीसाठी इकडे आलो, ती माझ्यामागं आली आणि आर.टी.ओ.चे उंबरे झिजवून ए.पी. २८ झाली. कुकटपल्लीची नगरपालिका होती, ती २००७मध्ये ग्रेटर हैदराबादेत गेली. घरापुढच्या हायवेचा नंबर ९ होता, त्याचा ६५ झाला. २०१४मध्ये राज्याचेच दोन भाग झाले, नंबरप्लेटवर टी.एस. आलं, २०२४मध्ये त्याचंही टी.जी. झालं. २०१७च्या नोव्हेंबरात मेट्रो आली आणि लोक पत्ता सांगताना देवळाऐवजी पिलरचा नंबर सांगायला लागले. एवढं सगळं बदललं. क्लचचं तेल तेवढं बदललं नाही.

विकून टाका, असं सगळे सांगतात. दिल्लीत डिझेल गाडी दहा वर्षांची झाली की मालकाची झोप उडते. इथं फिटनेस दाखवा, ग्रीन टॅक्स भरा आणि चालवा. माझं कारण वेगळं आहे. आमच्या गेटमधून बाहेर पडून गाडीचं तोंड पश्चिमेला केलं की एकही वळण न चुकता झहीराबाद, उमरगा, नळदुर्ग आणि सोलापूर. तीनशे किलोमीटर. या रस्त्यावरचे खड्डे ती मला न विचारता चुकवते असा माझा दावा आहे, आणि घरात तो कुणाला मान्य नाही.

दुसऱ्या दिवशी उस्तादांना बोलावलं. आमच्या गल्लीच्या टोकाला, टिफिन सेंटर आणि मुलांचं हॉस्टेल यांच्या सांदीत त्यांचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे एक पत्रा, एक जॅक आणि एक पोट्टा. (विदर्भातल्या वाचकांनी दचकू नये. इथल्या दखनीतही पोराला पोट्टाच म्हणतात.) उस्ताद गाडीत बसले, पेडल एकदा दाबलं, खाली वाकून मॅट उचललं, बोट फिरवलं, वास घेतला आणि आभाळाकडे बघावं तसं वर बघून म्हणाले, “ऊपरवाला गया साब.”

मी क्षणभर गप्प झालो. माणूस नमाजी, दिवस शुक्रवारचा. हे वाक्य त्यांच्या तोंडी शोभेना. मग ते म्हणाले, “नीचेवाला भी जाता. आज नै तो कल.”

वरचा आणि खालचा हे क्लचचे दोन सिलिंडर. पुस्तकात त्यांना मास्टर आणि स्लेव्ह म्हणतात, म्हणजे मालक आणि गुलाम. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातून हे शब्द मागेच हद्दपार झाले. तशी रीतसर ई-मेल आली होती. शिवाय हैदराबादेत मास्टर म्हणजे तव्यावर डोसा घालणारा किंवा पँट शिवणारा. त्यामुळं गॅरेजवाल्यांनी आपले वरचा आणि खालचा असे दोन स्वच्छ शब्द करून घेतले आहेत, आणि ते जास्त अचूक आहेत. वरचा पेडलच्या मागं, इंजिन आणि आपण यांच्यामधल्या पत्र्यावर बसतो. खालचा गिअरबॉक्सच्या कुशीला, चिखलात आणि धुळीत. वरच्याच्या डोक्यावर तेलाचं भांडं असतं. खालच्याच्या डोक्यावर काहीच नसतं. त्याला वरून येईल तेवढंच.

आपण पेडल दाबतो. पेडलची दांडी वरच्या सिलिंडरातला दट्ट्या पुढं ढकलते. दट्ट्याच्या तोंडाशी रबराची वाटी असते, चहाच्या कपाच्या आकाराची पण करंगळीएवढी. तिच्यापुढचं तेल दाबून लहान होत नाही, म्हणून ते नळीतून पळतं, खालच्या सिलिंडरात शिरतं, तिथला दट्ट्या ढकलतं, तो फोर्क ढकलतो, फोर्क बेअरिंगला, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांना, आणि मग कुठं क्लच प्लेट सुटते. ढकलाढकलीची एवढी लांब साखळी मी सरकारी कचेरी सोडली तर कुठं पाहिलेली नाही. फरक इतकाच की इथं फाइल पोचते.

याचं मूळ फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलपाशी आहे. १६२३चा जन्म, १६६२मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी गेला. बंदिस्त द्रवावर एका जागी दाब दिला तर तो सगळीकडे सारखाच पोचतो, हे त्यानं सांगितलं. शाळेत हा नियम मी पाठ केला होता, पण गंमत कळली ती राणीगंजला, स्पेअर पार्टच्या दुकानात खोक्यांवरचे आकडे वाचताना. वरच्या सिलिंडराच्या खोक्यावर १५.८७ मिलिमीटर, खालच्यावर १९.०५. असले तुटके आकडे कोण ठरवतं, असं वाटलं. नंतर उजेड पडला : हे इंच आहेत. पाच अष्टमांश आणि तीन चतुर्थांश. खालचा व्यासानं थोडाच मोठा, पण क्षेत्रफळ वर्गानं वाढतं, म्हणून वर एक किलोचा जोर लावला तर खाली जवळजवळ दीड किलोचा मिळतो. फुकट नाही, त्या बदल्यात खालचा दट्ट्या तेवढा कमी सरकतो. पास्कलच्या हिशोबात घासाघीस चालत नाही.

आता माझा गुन्हा सांगतो. हे सगळं एका दिवसात झालेलं नव्हतं. दोन महिने आधीपासून माझा डावा मोजा ओला व्हायचा. मी म्हटलं, पावसाळा आहे. बोनेटखालच्या भांड्यातलं तेल कमी व्हायचं. मी म्हटलं, उन्हाळ्यात उडालं असेल. पेडल एकदा दाबून काम होईना, तर दोनदा दाबायचो, नंतर तीनदा. आमच्या घरी पाण्याची मोटर जुनी होती तेव्हा हीच रीत होती, त्यामुळं मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वरच्याची वाटी झिजली होती. अर्धं तेल वाटीच्या कडेनं मागं भांड्यातच परत जायचं आणि उरलेल्यातलं थोडं दांडीवाटे ठिबकत माझ्या बुटात. मॅटखालचा रंग पापडासारखा सुटून आला होता, कारण हे तेल रंग खातं. माझ्या मोज्यानं दोन महिने तेच सोसलं होतं.

भांड्यात मी जे तेल घालत होतो तेही माझं खास होतं. तीन वर्षांपूर्वी ब्रेकच्या कामात अर्धी बाटली उरली होती, ती जपून चपलांच्या कपाटात ठेवलेली. उस्तादांनी बाटली हातात घेतली, सैल झाकण बघितलं आणि एका शब्दात निकाल दिला, “नक्को.” मी म्हटलं, अहो, अर्धी भरलेली आहे. तर त्यांनी ती जुन्या तेलाच्या डब्यात उपडी केली. हे तेल पाणी पितं, हवेतलं सुद्धा. कोरडं असताना डॉट-३ निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी प्यायलं की हीच हमी १४०वर येते. क्लचमध्ये ते एवढं तापत नाही, पण त्या पाण्यानं सिलिंडर आतून गंजतो आणि गंजलेल्या भिंतीवर नवी वाटी महिनाभरात फाटते. घरात पैसे वाचवले म्हणून मिरवायला जी एकमेव वस्तू होती, ती अशी गेली.

शेजारच्या गारूंनी (गारू म्हणजे तेलुगूतलं आपलं ‘राव’) सल्ला दिला की इंजिन ऑइल घाला, ते पाणी पीत नाही. सोलापूरहून मेहुण्यांनी फोनवर पॉवर स्टिअरिंगचं तेल सुचवलं. दोन्ही सल्ले ऐकू नयेत. या वाट्यांच्या रबराला खनिज तेल लागलं की ते फुगतं, इतकं की दट्ट्या जागीच अडकतो. मेहुण्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “मग लोक घालतात कसं?” त्यांच्या या प्रश्नाला कुठल्याच शास्त्रात उत्तर नाही.

“दोनों एकसाथ डालो साब,” उस्ताद म्हणाले. त्यांचं म्हणणं साधं होतं. खालच्याची वाटीही एकवीस वर्षांची. आजवर वरचा अर्धाच दाब देत होता म्हणून खालचा कसाबसा टिकला. वर नवा बसवला की पूर्ण दाब येणार, आणि म्हातारा तो सोसणार नाही.

इथं माझ्यातला हिशोबी माणूस जागा झाला. खालचा तर कोरडा आहे, गळत नाही, मग चालत्या वस्तूचे पैसे का घालवायचे? उस्ताद म्हणाले, “मर्जी.” हैदराबादी माणसाच्या तोंडचा मर्जी हा शब्द ऐकला की शहाण्यानं आपला निर्णय बदलावा. मी बदलला नाही.

वरचा तरी नवा घ्यायचा की नुसतं किट, यावरही एक सकाळ गेली. किट म्हणजे वाट्या, बूट आणि लॉक, सगळं मिळून एका प्लॅस्टिकच्या पुडीत, दोनशेच्या आत. उस्तादांनी जुना सिलिंडर उघडून माझं बोट आत घातलं. भिंतीला नखाला लागतील असे खड्डे होते. गारू म्हणाले, बाळानगरला लेथवर स्लीव्ह मारून मिळेल. मिळेलही, तिथं १९६८पासून टूल डिझाइनची सेंट्रल इन्स्टिट्यूट आहे आणि आजूबाजूच्या शेडमध्ये लोखंडाचं काय वाटेल ते करून देणारी माणसं बसली आहेत. पण लेथचं भाडं, रिक्षा आणि गारूंचा चहा धरून तो नव्याइतकाच पडला असता.

म्हणून राणीगंज. कुकटपल्लीहून मेट्रोनं अमीरपेट, तिथं गाडी बदलून पॅराडाइज, पुढं रिक्षा. दुकानात जुना सिलिंडर काउंटरवर ठेवला की पुढं एक शब्द बोलावा लागत नाही. दुकानदारानं तो उलटा करून पाहिला, मागच्या अंधारात हाक मारली आणि तीन खोकी मांडली. एक ओरिजनल. दुसरं ओरिजनलसारखं. तिसऱ्याचं वर्णन करताना त्यानं फक्त मान हलवली आणि म्हणाला, “ये भी चलता.” तिन्ही खोक्यांच्या किमतीत आणि वजनात फरक होता. माझी बुद्धी मधल्याकडे गेली, नेहमी जाते. पण त्या दिवशी एक रिक्षावाला माझ्या शेजारी उभा होता. त्यानं मधलं खोकं उघडून दट्ट्या अंगठ्यानं दाबला; तो आत गेला आणि रमतगमत परत आला. पहिल्यातला दाबला, तो टणकन उसळला. रिक्षावाला काही बोलला नाही, त्याच्या कार्ब्युरेटरचा जेट घेऊन निघून गेला. मी अठराशे रुपये मोजले.

काम दीड तासाचं. वरचा काढायला दोन नट आणि नळीचा एक जोड, पण ते दोन नट अशा ठिकाणी असतात की माणसाला पेडलखाली डोकं घालून पाय सीटवरून मागं टाकावे लागतात. पोट्ट्यानं ते आसन लीलया केलं. मी वय विचारलं नाही. उत्तर नकोसं आलं असतं. नवीन तेल, हवा काढली, पेडल पोलादी झालं. मी हायवेवर चक्कर मारून आलो. गिअर असे पडत होते की मी विनाकारण बदलत होतो. घरी येऊन सौ.ला म्हटलं, “बघ, वाचवले की नाही नऊशे?”

हे नऊशे रुपये माझ्याकडे तीन आठवडे राहिले.

चौथ्या आठवड्यात सेलरमध्ये गाडीखाली डबकं दिसलं. (हैदराबादेत बिल्डिंगखालच्या पार्किंगला सेलर म्हणतात, गाड्या, पाण्याचा पंप आणि वॉचमनचा संसार असे तिघं तिथं गुण्यागोविंदानं नांदतात.) खालच्याचं रबरी बूट भिजलेल्या फटाक्यासारखं लोंबत होतं. उस्ताद आले, खाली वाकले, उठले आणि माझ्याकडे न बघता हात पुसले. तो मोठा माणूस. ‘मैं बोला था’ हे तीन शब्द त्यांनी शेवटपर्यंत तोंडातून काढले नाहीत, आणि काढले असते तर बरं झालं असतं. उलट म्हणाले, “परसों ही तो आपका क्लचप्लेट करा था ना साब, वो अच्छा है.” ते काम २०१९चं. इथलं परसों मागं कितीही लांब जातं.

पुन्हा राणीगंज. दुकानदारानं मला ओळखलं. खोकी न मांडता ओरिजनल पुढं सरकवला आणि विचारलं, “तब नक्को बोले थे क्या?” मी हौ म्हटलं.

खालचा बदलणं सोपं. दोन बोल्ट, रबरी होजचा जोड, वीस मिनिटं. खरं काम पुढचं : हवा काढणं. नळीत नुसता एक बुडबुडा राहिला तरी सगळं मुसळ केरात, कारण तेल दबत नाही, हवा दबते. आपण पेडल दाबतो ते सगळं तो बुडबुडाच खाऊन टाकतो. त्यासाठी एकानं गाडीत बसून पेडल चार-पाच वेळा मारायचं आणि दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली निजून ब्लीडरचा निपल अर्धा आटा सैल करायचा, फुसकन हवा आणि तेल आलं की कसायचा, मग वरच्यानं पाय सोडायचा. क्रम चुकला की बाहेर काढलेली हवा दुप्पट होऊन आत.

पोट्टा त्या दिवशी गावाला गेलेला. उस्ताद खाली निजले. मी भांड्यावर, तेलाची पातळी बघायला. पेडलवर कोण?

सौ. भाजी घेऊन रयतू बाजारातून नुकती येत होती. पिशवी वॉचमनच्या खाटेवर ठेवून ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. अठरा वर्षांत पहिल्यांदाच. खालून आवाज आला, “हां भाभी, मारो. मारो. मारो. पकडो!” तिनं धरलं. फुस्स. “छोडो. हल्लू छोडो, हल्लू!”

हल्लू. मी भांड्यावरून मान वर केली. हैदराबादच्या दखनीत हल्लू आणि नक्को हे दोन शब्द रोज ऐकतो, आपले हळू आणि नको तिथं कधी मुक्कामाला गेले कोण जाणे. पण त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं की क्लच दुरुस्त करायला एवढ्या दोनच शब्दांचं मराठी पुरतं. सौ.ला तर दुभाष्या लागलाच नाही. मी गेली कैक वर्षं तिला ‘अगं, हळू’ म्हणतो आहे, त्याचा असा परिणाम कधी झाला नव्हता. उस्तादांनी एकदा म्हटलं आणि तिचा पाय लोण्यासारखा सुटायला लागला.

मारो, पकडो, हल्लू. दहा फेऱ्या झाल्या. तेलात बुडबुडे कमी होत गेले. पेडल तळापासून चार बोटं वर धरायला लागलं. वॉचमनची बायको पिशवीतली कोथिंबीर निवडत बसली होती, तीही तालात मान हलवत होती. एवढ्यात माझा फोन वाजला. मेहुणे. पॉवर स्टिअरिंगच्या तेलाबद्दल त्यांनी कुणालातरी विचारलं होतं आणि तो म्हणाला होता चालतं. मी त्यांना रबराचं शास्त्र पुन्हा समजावून सांगत होतो. मारो, पकडो चाललंच होतं.

“साब,” खालून आवाज आला, “ऊपर देखो ना जरा.”

भांडं कोरडं ठणठणीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? वरच्यानं तेलाऐवजी पोटभर हवा ओढून घेतली होती आणि सौ.नं इमानेइतबारे ती शेवटपर्यंत पाठवली होती. दहा फेऱ्या पाण्यात. ती काच खाली करून एवढंच म्हणाली, “अहो, तुमच्याकडं एकच काम होतं.”

आता साध्या रीतीनं हवा निघेना. उस्ताद बाहेर आले, बिडी शिलगावायला सेलरबाहेर गेले आणि परत येऊन म्हणाले, “मेडिकल से सलाईन का पाइप लाओ. और बडी वाली सिरिंज.”

कुकटपल्लीत औषधांना तोटा नाही. जवळच बाळानगरला साठच्या दशकापासून आय.डी.पी.एल.चा कारखाना होता आणि त्या मुळावर या शहराचा सगळा औषधधंदा वाढला. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पोरीनं पन्नास मिलिलिटरची सिरिंज काढली, नळी काढली आणि सहानुभूतीनं इंग्रजीत विचारलं, पेशंट घरीच आहे का? मी म्हटलं, सेलरमध्ये आहे. वय? एकवीस. तिनं चुक्क केलं. सुई कुठली देऊ? मी म्हटलं, सुई नको, निपल आहे. यानंतर तिनं मालकाला हाक मारली आणि मला खरं काय ते सांगावं लागलं. मालक हसले नाहीत. त्यांच्याकडे गॅरेजवाले महिन्याला दोन-तीन नळ्या नेतात म्हणे.

उलटी रीत अशी. हवा हलकी, तिला वरच जायचं असतं. आपण इतका वेळ तिला हट्टानं खाली ओढत होतो. म्हणून वरच्या भांड्यातलं तेल थोडं काढून जागा करायची, सिरिंजमध्ये ताजं तेल भरायचं, सलाईनची नळी खालच्याच्या निपलला लावायची आणि तेल खालून वर ढकलायचं. उस्तादांनी सिरिंज दाबली. मी भांड्यावर डोळे लावून उभा. फोन सौ.नं आधीच काढून घेतला होता. आधी काही नाही. मग भांड्याच्या तळाशी एक मोठा बुडबुडा आला, मागून लहान-लहान, रस्सम उकळायला लागावं तसे. दोन मिनिटं बुडबुडे चालले, मग थांबले. नुसतं तेल, मधाच्या रंगाचं, काचेसारखं.

“अब दबाव भाभी.”

तिनं दाबलं. पेडल अर्ध्यावर घट्ट लागलं. सोडलं, तर आपण होऊन वर आलं. तिनं पुन्हा एकदा दाबून पाहिलं, कुणी न सांगता, आणि इंजिन चालू करून पहिला टाकला, काढला, रिव्हर्स टाकला, काढला. तेवढ्यानं भागेना, म्हणून सेलरमध्येच चार हात पुढं आणि चार हात मागं गाडी हलवली. वॉचमनच्या बायकोनं टाळ्या वाजवल्या.

बोनेटवर एक थेंब सांडला होता, तो मी पाण्यानं धुऊन काढेपर्यंत तिथला रंग गेला. खर्चाचा तपशील विचारू नका. खालचा नऊशेला पडला, पण मजुरी दोनदा, तेल दोनदा, मेट्रो दोनदा, आणि पन्नासची सिरिंज. उस्तादांनी दुसऱ्या खेपेला मजुरीचे शंभर कमी घेतले. मी कारण विचारलं तर म्हणाले, “भाभी काम करे ना.”

गेल्या आठवड्यात गारूंच्या गाडीचा क्लच गेला. त्यांनी शहाणपणानं दोन्ही सिलिंडर एकदम आणलेत, आणि उस्तादांचा पोट्टा अजून गावाकडेच आहे. रविवारी सकाळी दहाला हवा काढायची ठरली आहे. गारू स्वतः वर येऊन रीतसर बोलावून गेले. सौ.ला.